दुसरा फोन आला पाहिजे: गायक-वादक म्हणून स्वतंत्रपणे टिकायचं असेल तर

पेटी वाजवून घर चालवायला लागून मला २२ वर्षं झाली. नवीन मुलंमुली भेटली की विचारतात, 'पहिला कार्यक्रम कसा मिळवायचा?' पहिला कार्यक्रम कुणालाही मिळतो. कुणाचा मामा मंडळाचा अध्यक्ष असतो, कुठे ठरलेला वादक ऐनवेळी तापाने झोपतो आणि कुणीतरी तुमचं नाव सुचवतं. अवघड असतं ते त्याच माणसाचा पुढच्या वर्षी पुन्हा फोन येणं. आमच्या धंद्यात टिकणं म्हणजे अशा दुसऱ्या फोनांची बेरीज, एवढंच मला आजवर कळलंय.

ज्यांना कुठल्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या पगारावर न राहता गाण्या-वाजवण्यावर जगायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाजवता येतं हे धरून चालतो. रियाजाचं तुमच्या गुरूंना विचारा. आणि 'संगीतकार' हा शब्द मी टाळलाय, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ चाल लावणारा असा होतो. इथे गाणारे, वाजवणारे, चाली लावणारे सगळेच आले.

आधी वही, मग राजीनामा

एक वही घ्या आणि गेल्या १२ महिन्यांत संगीतातून आलेला प्रत्येक रुपया लिहा. चार रकाने करा: कुणाकडून आले, कशाचे आले, काम झाल्यावर किती दिवसांनी हातात पडले, आणि त्या माणसाने पुन्हा बोलावलं का. चौथ्या रकान्याकडे नंतर येऊ. तिसरा रकाना पाहूनच पुष्कळांचे डोळे उघडतात. मार्चमधल्या कार्यक्रमाचं पाकीट जूनमध्ये मिळत असेल, तर एप्रिलचं भाडं कुठून देणार?

समोरच्या पानावर घरखर्च लिहा. त्यात वाद्याचा खर्च धरा. पेटीचं ट्युनिंग, भात्याची दुरुस्ती, तबल्याची पुडी (वरचं कातडं) बदलणं, तारा, केबली, प्रवास, हे सगळं घरखर्चच आहे. माझा ठोकताळा असा: सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला पडला आणि सलग एक वर्ष संगीताच्या पैशातून निम्म्याहून अधिक घर चाललं, की राजीनाम्याचा विचार करा. त्याआधी नको.

नोकरी सांभाळून गाणाऱ्याला 'हौशी' म्हणून हिणवणारे भेटतील. डॉ. वसंतराव देशपांडे वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते. पूर्ण वेळ गायला मोकळे झाले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. त्यांना हौशी म्हणायची हिंमत करून बघा.

आणि सुरुवातीलाच कर्ज काढून स्टुडिओ थाटू नका. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली. पुढे मुंबईत शाळेच्या इमारतीसाठी काढलेलं कर्ज फिटलं नाही आणि ती इमारत लिलावात गेली. त्यांच्यासारख्या कर्तबगार माणसाची ही गत झाली, तर आपण हप्त्यावर महागडा मायक्रोफोन घेताना दोनदा विचार करावा. बरं वाद्य, एक चांगला मायक्रोफोन, साधा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात घेणारा डबा) आणि गाद्या-रजया टांगलेली एक खोली, एवढ्यावर पहिली तीन-चार वर्षं निघतात.

पंचांग समोर ठेवा

महाराष्ट्रात कलाकाराचं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत नाही, ते पंचांगाप्रमाणे चालतं. हे मला पाचव्या वर्षी कळलं, तोवर प्रत्येक पावसाळ्यात उसनवारी केली.

आषाढात वारीच्या सुमारास अभंगांचे कार्यक्रम असतात, ते आषाढी एकादशीपर्यंत. श्रावणात मंगळागौर, मंदिरांतली भजनं, मोठं काम थोडं. मग गणपतीचे १० दिवस: एका दिवसात दोन-दोन ठिकाणी वाजवायचं, ट्रॅफिकमध्ये गाडीत बसून वडापाव खायचा. विसर्जन झालं की पितृपक्षाचे १५ दिवस फोन वाजतच नाही. नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट हा तुमचा सुगीचा काळ. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई आणि संगीत-मेंदीचे कार्यक्रम. डिसेंबर-जानेवारीत संगीत महोत्सव; पुण्यातला सवाई गंधर्व १९५३ पासून चालू आहे आणि त्याच्या आगेमागे गावोगावी लहान महोत्सव होतात. गुढीपाडव्याच्या पहाटेला पुन्हा एकदा उचल, मग मे महिन्यात लग्नं, मुंजी आणि सुट्टीतली शिबिरं.

दर ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो, त्याचाही हिशेब ठेवा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. ऐन मेच्या उत्तरार्धात लग्नांचे मुहूर्त नाहीत, पण भजन-कीर्तनाला मागणी असते. लग्नात कीबोर्ड वाजवणाऱ्याचा तो महिना कोरडा जातो आणि कीर्तनात पेटी धरणाऱ्याचा भरलेला. दोन्ही येत असलं तर बरं.

सुगीत आलेल्या पैशाचा तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. तो पितृपक्षाचा आणि जून-जुलैचा पगार समजा.

एका पायावर उभं राहू नका

१९४० मध्ये आकाशवाणीने पेटी बंद केली. हे वाद्य परकं, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक भेद) मिळत नाहीत, अशी कारणं होती. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे तीस वर्षं त्या काळच्या सगळ्यात मोठ्या माध्यमात आमच्या वाद्याला दार बंद. तरी पेटी मेली नाही. नाटकाच्या पिटात ती होती, कीर्तनात होती, मैफलीत आणि शिकवण्यांत होती. केवळ रेडिओवर विसंबलेल्या पेटीवाल्याचं काय झालं असतं, ते सांगायला नको. करोनात मार्च २०२० मध्ये सगळी स्टेजं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा मला आमच्या पेटीचीच गोष्ट आठवली. ज्यांच्या शिकवण्या होत्या ते तरले.

म्हणून तीन पाय हवेत, चौथा असला तर उत्तम: कार्यक्रमात साथ किंवा गायन, शिकवणी, रेकॉर्डिंगचं काम, आणि तुमची स्वतःची निर्मिती. सुरुवातीला सगळे एकदम उभे करायला जाऊ नका. पहिली दोन वर्षं साथ आणि शिकवणी, तिसऱ्या वर्षी रेकॉर्डिंग. निर्मिती सतत चालू ठेवा, पण तिच्याकडून भाड्याची अपेक्षा नको.

तरुण असाल तर दोन गोष्टी अजूनही करण्यासारख्या आहेत. एक, आकाशवाणीची ऑडिशन. बी, बी हाय, ए, टॉप या श्रेणींना आजही आयोजक मान देतात. दुसरी, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातल्या कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती: दरमहा ५,००० रुपये, २ वर्षं. रक्कम मोठी नाही, पण त्यात पेटी ट्युनिंगला जाते आणि गुरूंकडे जायचं एसटीचं भाडं निघतं.

फोन येतो तेव्हा

'दादा, शनिवारी मोकळे आहात का?' एवढ्यावर 'हो' म्हणू नका. 'मोकळा आहे, जरा माहिती द्या' म्हणा आणि विचारा: कुठे, किती वाजता, किती वेळ, गाणारं कोण, पट्टी (गाण्याचा मूळ सूर) कोणती, बाकी साथीदार कोण, साउंड कुणाचा, तालीम किती आणि कुठे, मानधन किती आणि कधी.

पट्टी आधी कळणं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ती पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात: पुरुष गायक बहुतेक काळी १ ते काळी २, बायका काळी ४, काळी ५. तबलजीला तर त्याप्रमाणे वेगळा तबला उचलून न्यायचा असतो. सुरुवातीच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या एका देवळात मी न विचारता गेलो. गायिका काळी ४ मध्ये गाणार होत्या आणि माझ्या पेटीचा नेमका तोच सूर उतरलेला. दीड तास तो सूर चुकवत वाजवलं. लोकांना फारसं कळलं नसेल, गायिकेला कळलं. त्या गावातून मला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

बोलणं झालं की लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. माझा मजकूर साधारण असा असतो:

'नमस्कार दादा. बोलल्याप्रमाणे: शनिवार, कोजागरी, सोसायटीचं पटांगण. साउंड चेक ५ वाजता, सुरुवात ७, स्पीकर १० ला बंद. पेटी मी आणतो; पेटीला एक माइक आणि एक मॉनिटर स्पीकर तुमच्याकडून. मानधन ठरल्याप्रमाणे, निम्मं आधी, निम्मं त्याच रात्री. प्रवासखर्च वेगळा. गुरुवारी एक तालीम. बरोबर असेल तर होकार कळवा.'

रात्री १० ची वेळ मुद्दाम लिहितो. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवण्याचा नियम आहे, ठरावीक सणांच्या दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देतं. पाहुण्यांची भाषणं लांबली की तुमचा वेळ कापला जातो, आणि मग 'दादा, तुम्ही तर तासभरच वाजवलंत' असं म्हणत पाकीट हलकं होतं. लिहिलेलं असलं की ही चर्चा होत नाही.

तिसऱ्या वर्षी एका आयोजकाने सगळं तोंडी ठरवलं आणि शेवटी शाल-श्रीफळ देऊन बोळवण केली. माझ्याकडे अशा ११ शाली आहेत. किराणावाला शाल घेत नाही.

फुकट वाजवायचं की नाही? गुरूंसाठी, देवळात, मित्राच्या दुःखात मी वाजवतो आणि त्याचा हिशेब ठेवत नाही. बाकी ठिकाणी माझा एकच प्रश्न असतो: मांडववाल्याला पैसे देणार आहात का? त्याला मिळणार असतील तर मलाही मिळायला हवेत. 'प्रसिद्धी मिळेल' हे कारण मांडववाल्याला कुणी सांगत नाही.

दर सांगताना लाजू नका, आणि एकाच शहरात एकाला एक, दुसऱ्याला दुसरा असाही सांगू नका; साथीदार एकमेकांशी बोलतात. कमी करायचंच असेल तर काहीतरी कमी करून द्या: तालीम एकच, किंवा वेळ दीड तास.

आता, पुन्हा बोलावतात कशामुळे? उत्तम वाजवल्यामुळे थोडं, बाकी बारीकसारीक गोष्टींमुळे. साउंड चेकच्या १५ मिनिटं आधी पोचा. स्वतःची केबल, जास्तीची केबल, एक्स्टेन्शन बोर्ड आणि चिकटपट्टी जवळ ठेवा. साउंडवाल्याला नावाने हाक मारा, त्याच्याबरोबर चहा घ्या. तुमचा आवाज त्याच्या बोटांत आहे. मुख्य गायकाच्या पुढ्यात श्रोत्यांना स्वतःचं कार्ड वाटू नका. आणि एकदा 'हो' म्हटल्यावर दुसरीकडून दुप्पट पैसे आले तरी पहिला कार्यक्रम सोडू नका. आजारी पडलात तर आयोजकाला नुसतं कळवू नका, बदली माणूस ठरवून मग फोन करा. तो माणूस तुमच्याइतका किंवा तुमच्याहून सरस असू दे. तुमची जागा जाईल ही भीती वाटते, पण माझा अनुभव उलटा आहे: आयोजकाला 'याच्यावर सोपवलं की काम होतं' एवढंच लक्षात राहतं.

शिकवणी

शिकवणी म्हणजे मैफल जमली नाही म्हणून करायचं काम, असं मानणाऱ्यांनी शिकवू नये. मुलांना ते कळतं.

गल्लीतल्या शिकवणीत पालकांना परीक्षा हवी असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही वाट सगळ्यांच्या ओळखीची आहे. परीक्षेला बसवा, पण अभ्यासक्रमाबाहेरचं एक गाणं दर महिन्याला शिकवा. मूल त्या गाण्यासाठी येतं. शुल्क महिन्याचं, महिन्याच्या सुरुवातीला. तासावर घेतलंत तर प्रत्येक सर्दी-खोकल्याला तुमचा खिसा खाली.

परदेशातल्या मराठी घरांतली मुलं हा ऑनलाइन शिकवणीचा मोठा आधार आहे. पण घड्याळ सांभाळा. न्यू जर्सीतल्या मुलाचे संध्याकाळचे ८ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. या दोन आठवड्यांत पालकांना आधीच निरोप पाठवा, नाहीतर एक तर तुम्ही झोपलेले किंवा मूल झोपलेलं. आदल्या रात्री ११ पर्यंत कार्यक्रम असेल तर दुसऱ्या पहाटेचा तास ठेवूच नका. गळा आणि स्वभाव दोन्ही बिघडतात.

झूमवर शिकवताना 'ओरिजिनल साउंड' चालू करा. नाहीतर ते सॉफ्टवेअर तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून गिळून टाकतं. आवाज पोचायला उशीर लागतो, म्हणून दोघांनी एकत्र गायचा हट्ट धरू नका. तुम्ही गा, थांबा, मग त्याने म्हणायचं. तानपुरा त्याच्या बाजूला वाजू दे. विद्यार्थी गाताना तुम्ही टाळी देत बसलात तर ताल तुटल्यासारखा वाटतो आणि बिचारं मूल स्वतःला बेताल समजतं.

तुमचं स्वतःचं गाणं

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक, शब्द आणि चाल. दुसरी, त्याचं ध्वनिमुद्रण. पहिली कवी आणि संगीतकाराची, दुसरी सहसा ज्याने खर्च करून रेकॉर्डिंग केलं त्याची.

आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न: 'अभंग तुकोबांचा, मग यूट्यूबने माझ्यावर क्लेम का लावला?' शब्द तुकोबांचे आहेत, त्यांवर कुणाचा हक्क नाही. चाल मात्र गेल्या शतकातल्या कुणा संगीतकाराची असते, आणि आपल्या कायद्यात हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. अभंग गायचाच असेल तर स्वतः चाल लावा. तीनशे-चारशे वर्षं जुने शब्द, नवीन चाल, आणि त्या चालीचे मालक तुम्ही. नवोदिताला याहून चांगला सौदा मला माहीत नाही.

गाणं बाहेर काढण्याआधी सगळ्यांना बसवून एका कागदावर टक्के लिहा: शब्दांचे किती, चालीचे किती, रेकॉर्डिंगच्या उत्पन्नात अरेंजरचे (वाद्यांची मांडणी करणाऱ्याचे) आणि गायकाचे किती. खाली सह्या. गाणं चाललं नाही तर कागद रद्दीत जाईल. चाललं तर मैत्री वाचेल. मग डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) ॲप्सवर टाका. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड मिळतो, तो वहीत उतरवून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच लागतो. शब्द लिहिणाऱ्याने आणि चाल लावणाऱ्याने आयपीआरएसचं (कवी-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासद व्हावं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याने इसम्राची (गायक-वादकांच्या हक्कांच्या संस्थेची, पूर्वीची इस्रा) चौकशी करावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारातून काढून घेता येत नाही. 'सर्व हक्क कायमचे' असं छापलेला कागद पुढे आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

पैसे किती येतील? सुरुवातीला जवळजवळ नाहीत. स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा तर १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं ही अट आहे, किंवा शॉर्ट्सवर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. म्हणून या गाण्यांकडे ओळखपत्र म्हणून पाहा. आयोजक विचारतो 'काहीतरी पाठवा ना', तेव्हा पाठवायला नीट चित्रित केलेली तीन मिनिटं हवीत. मोबाइलवर मांडवात काढलेला फुटका आवाज पाठवू नका.

कराचं थोडक्यात

पॅन आणि वेगळं बँक खाते पहिल्या दिवसापासून. मोठे आयोजक मानधनातून १० टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापतात. विवरणपत्र भरलंत तर जास्तीचा परत मिळतो, नाही भरलंत तर गेला. जीएसटीची सेवांसाठीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. सिनेगीतांच्या ऑर्केस्ट्राला ही सूट नाही. एखादा सीए गाठा, शक्यतो गाणं ऐकणारा.

बदल आला की

कॅराओके ट्रॅक आले तेव्हा आमच्यातले अनेक वादक चिडले. चिडण्यासारखं होतंच; दहा जणांच्या ऑर्केस्ट्राचं काम एका पेन ड्राइव्हने केलं. पण माझ्या ओळखीच्या एका कीबोर्डवाल्याने वेगळं पाहिलं. निवृत्त मंडळींचे कॅराओके गट हॉल घेऊन गातात, आणि बाजारातला ट्रॅक त्यांच्या पट्टीत नसतो. हा त्यांच्या पट्टीत, त्यांच्या दमाच्या लयीत ट्रॅक करून द्यायला लागला. वर्षातून एकदा त्याच मंडळींना जिवंत साथीवर गायचं असतं, तेव्हा साथीदार तोच आणतो. आता यंत्रं चाली लावू लागलीत. जिंगल आणि पार्श्वसंगीताचं स्वस्त काम त्यात जाईल असं मला दिसतं. समोर बसलेल्या गायकाचा श्वास ओळखून भाता दाबणं इतक्यात जाणार नाही.

वर्षाला एक नवीन गोष्ट शिका, पण कामाच्या अंगाची. पेटीवाल्याने रेकॉर्डिंग-एडिटिंग, तबलजीने ढोलकी, गायिकेने निवेदन. अंगालाही सांभाळा. पाठ सरळ ठेवून बसायची सवय, मॉनिटरचा आवाज बेताचा, आरोग्य विमा. पेटी उचलून जिना चढताना माझी कंबर धरली तेव्हा दोन महिने गेले, आणि तो दिवाळीचा काळ होता.

पितृपक्षात पेटी दुरुस्तीला टाका आणि वहीतला चौथा रकाना उघडा. ज्यांनी पुन्हा बोलावलं नाही त्यांच्यातल्या दोघातिघांना फोन लावा आणि सरळ विचारा, माझं काय चुकलं? बहुतेक जण 'छे हो, काही नाही' म्हणतील. एका गायिकेने मात्र मला सांगितलं, 'तुम्ही वाजवता छान, पण माझी सुरावट संपायच्या आत तुमची सुरू होते.' वर्षभर मी रेकॉर्डिंगं लावून फक्त थांबायचा सराव केला. त्यांचा फोन आला त्यानंतर दोन वर्षांनी, कोजागरीच्या आदल्या आठवड्यात. पट्टी त्यांनी आपणहून सांगितली.